साडेदहा घरटी

खोलीत पंधरा पिंजरे होते. प्रत्येक पिंजऱ्यात चार माद्या, म्हणजे साठ उंदीर. साठही जिवंत होते. पाण्याच्या पंधरा बाटल्यांपैकी एकही गळत नव्हती. आदल्या दुपारी तीन वाजता पिंजरे बदलले गेले होते आणि प्रत्येकात दाबलेल्या पांढऱ्या कापसाची एक चौकोनी वडी ठेवली होती, तीन ग्रॅमची. ती दातांनी फाडायची, पिंजायची आणि तिचे घरटे करायचे, हे उंदरांना कुणी शिकवावे लागत नाही. ज्यांना नुसते मिठाचे पाणी टोचले होते त्या चार पिंजऱ्यांत चार घरटी होती. ज्यांना जुने औषध टोचले होते त्या चारांत तीन पुरी आणि एक अर्धे. राखीव तीन पिंजऱ्यांत तीन. उरलेले चार पिंजरे एकतीसचे, म्हणजे नव्या औषधाचे होते. त्यांत चार वड्या होत्या, ठेवल्या तशाच, चारही कोपरे शाबूत.

"साडेदहा," उंदरांची देखभाल करणारी गुनवोर म्हणाली आणि तिने आकडा स्प्रिंगच्या वहीत लिहिला.

"हे तू रोज मोजतेस?" सिग्रिदने विचारले.

"चौतीस वर्षं."

"कुणाला दाखवतेस?"

"कोण मागतंय?" गुनवोरने पेन टोपीखाली कानामागे खोवले. "फॉर्मवर घरट्याचा रकाना नाही. वजन ठीक, खाणं ठीक, केस ठीक. तीन ठिकाणी ठीक केलंय मी. खोटं काही नाही त्यात."

"पहिल्या मात्रेच्या वेळी काय झालं होतं?"

"तेव्हा बंगले बांधले होते बायांनी. ही राखीवमधली बघ. हिलाही तुझं एकतीसच दिलंय, पण तीन आठवड्यांपूर्वी, एकदाच. काल दुसऱ्यांदा दिलेलं नाही. हिच्या घरट्याला छप्परसुद्धा आहे."

सिग्रिद वाकली. एकतीसच्या पिंजऱ्यात चौघी एका कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. डोळे उघडे होते. वडी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होती.

"म्हणजे आजारी आहेत या?"

गुनवोरने ओठ आवळले आणि श्वास आत ओढला. उलटी फुंकर मारावी तसा बारीक आवाज झाला. स्वीडनच्या उत्तरेला, उमेओपासून वर, नदीकाठच्या गावांतून, हो म्हणायला लोकांना एवढे पुरते. सिग्रिदचे बाबाही असेच हो म्हणत. लहानपणी तिला वाटायचे की त्यांना काहीतरी टोचले आहे.

टोपी, मोजे, निळा झगा एकेक काढून पिशवीत टाकताना तिच्या मनात उत्तरे तयार होत होती. कापूस नवा असेल, वेगळ्या कारखान्याचा. पण मग बाकीच्यांनी कसा फाडला. एकतीसचे चारही पिंजरे खिडकीच्या बाजूला आहेत, मार्चचे ऊन बर्फावरून उसळून आत येते, माद्यांना उजेडाचा त्रास झाला असेल. पण राखीवमधला एकतीसचा पिंजराही त्याच फळीवर होता, आणि त्यातल्या घरट्याला छप्पर होते. टोचताना हात जड पडला असेल. पण हात तिचाच होता, आणि साऱ्या पिंजऱ्यांना तोच. प्रत्येक उत्तर ती उचलून पाहायची आणि ते हातातच ओले होऊन फाटायचे. मग ती आकड्यांकडे वळली. आकडे तिला पाठ होते, जसे इतरांना मुलांचे वाढदिवस पाठ असतात. थेंबाचा व्यास अठ्ठ्याहत्तर नॅनोमीटर. सगळे थेंब सारखे, उणेअधिक जवळपास नाहीच. आत भरलेल्या आरएनएपैकी शहाण्णव टक्के आतच राहिलेला. टोचल्यावर चोवीस तासांनी यकृताची सगळी मापे मिठाच्या पाण्याइतकीच. शुक्रवारी दक्षिणेतून एका कंपनीची दोन माणसे विमानाने येणार होती आणि तिला त्यांच्यासमोर हे आकडे वाचायचे होते. आज बुधवार होता.

एकतीस म्हणजे एकतिसावा प्रयत्न. चार वर्षांत तिने एकतीस वेगवेगळे लिपिड, म्हणजे चरबीचे रेणू, बनवले होते. तेवीस फुकट गेले, सात बरे निघाले, आणि एक हा. काम सांगायला सोपे होते. आरएनएचा एक छोटा तुकडा यकृताच्या पेशीत पोचवायचा, तिथे जाऊन तो एका बिघडलेल्या प्रथिनाचे उत्पादन बंद पाडतो. पण उघडा आरएनए रक्तात मिनिटभरही टिकत नाही, म्हणून त्याला चरबीच्या थेंबात गुंडाळायचा. चरबी अशी निवडायची की जिला आंबट पाण्यात विजेचा भार येतो आणि रक्तात तो जातो. म्हणजे बनवताना ती आरएनएला धरते, वाटेत कुणाला डिवचत नाही, आणि पेशीच्या पोटात, जिथे पुन्हा आंबट असते, तिथे जागी होऊन पिशवी फोडते. थेंबांनी एकमेकांना चिकटू नये म्हणून वरून एक निसरडा लेप. सिग्रिदने एकतीसमध्ये त्या लेपाची थेंबात रुतणारी मुळे लांब केली होती, चौदा कड्यांऐवजी अठरा. लेप लवकर गळत नाही, थेंब रक्तात जास्त वेळ राहतो, जास्त थेंब यकृतात पोचतात, मात्रा निम्म्यावर येते. पहिल्या मात्रेला हे सगळे तसेच घडले होते. दोन वर्षांपूर्वीच्या तिच्या वहीत, पानाच्या कडेला, तिच्याच अक्षरात एक ओळ होती: लेप फार टिकला तर शरीर ओळखायला लागेल? प्रश्नचिन्ह मोठे होते. त्यापुढे काही लिहिलेले नव्हते, कारण त्याच दुपारी व्यासाचा आकडा आला होता, अठ्ठ्याहत्तर, आणि ती खुर्चीवरून उठून खिडकीशी जाऊन उगाच उभी राहिली होती.

साडेनऊला कॉफी. विभागप्रमुख स्वेर्केर नेहमीच्या जागी बसला होता आणि तिकडच्या रीतीप्रमाणे कॉफीच्या कपात चीजचे तुकडे टाकून ते भिजायची वाट पाहत होता. तिने त्याला घरट्यांचे सांगितले. त्याने चमच्याने एक तुकडा बुडवला.

"घरट्याला एकक काय?"

"ग्रॅम. न फाडलेला कापूस वजन करून."

"किती?"

"तीन. तीनपैकी तीन. चारही पिंजऱ्यांत."

स्वेर्केरने चमचा खाली ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. "तुझ्याकडे चोवीस तासांचं रक्त आहे, आजचं येईल ते. ते स्वच्छ आलं तर?"

"स्वच्छच येईल. आज दुपारपर्यंत त्या कापूस फाडायला लागतील. चोवीस तासांत सगळं खाली बसतं."

"मग चोवीस तास का निवडलेस?"

"सगळेच निवडतात."

"ते माहीत आहे. मीही निवडले असते. तू का निवडलेस ते विचारतोय."

एका उंदराच्या अंगातून आठवड्याला किती रक्त काढायचे याला मर्यादा असते. दोन तासांनी काढायचे की चोवीस तासांनी, एकच मिळते. योजना लिहिताना ती या ओळीवर थांबली होती हे तिला आठवत होते. बाहेर कुणीतरी बर्फ ओढत होते, फावडे दगडावर घासल्याचा आवाज आला होता. तिने चोवीस लिहिले होते. तेव्हा मनात काय होते ते तिला आता, प्रामाणिकपणे, सांगता येईना. काहीच नव्हते असे म्हणायला जीभ वळत नव्हती, आणि काही होते असे म्हणायला पुरावा नव्हता.

"राखीव उंदीर आहेत," ती म्हणाली.

"आहेत. आणि परवानगीच्या कागदावर दोन तासांचं रक्तही आहे, इजेचा संशय आला तर. तुला संशय आलाय का? हे तुझ्या वतीनं मला म्हणता येणार नाही, सिग्रिद." त्याने कप उचलला. "संशय आला नसेल तर शुक्रवारी घरट्यांचं कुणी विचारणार नाही. ते कुठल्याच तक्त्यात नाही."

दुपारी एकला ती रस्ता ओलांडून रुग्णालयात गेली. दर तिसऱ्या बुधवारी जायची. रस्त्याच्या कडेला बर्फावर कडक साय धरली होती आणि ती पायाखाली मोडत होती. टाचेखाली, मग चवड्याखाली. मोडल्याचे तिला दोन्हीकडे नीट कळत होते. पावलांना कळते का, ही तपासणी जुनी होती. ती नऊ वर्षांची असताना एकदा बाबा संध्याकाळी जंगलातून आले, दारात बाकावर बसून त्यांनी बूट ओढून काढला आणि बुटातून एक बोल्ट पडला, बर्फावरच्या स्कूटरचा, अंगठ्याएवढा. लोकरीचा मोजा तळव्याशी काळा आणि जड झाला होता. बाबा त्याच्याकडे शेजाऱ्याचा पाय बघावा तसे बघत होते. तिने विचारले, दुखलं नाही? ते म्हणाले, मला कुठे कळलं. आणि मग हसले, कारण आई बघत होती. उत्तरेच्या त्या किनाऱ्यावरच्या गावांतून हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे, बोलताना त्याला नुसते शहराचे नाव लावतात, स्केलेफ्तेओचा आजार. यकृतात बनणाऱ्या एका प्रथिनाची घडी चुकते आणि ते नसांत साचत जाते. आधी पावले जातात, मग हात, मग पोट, मग काळीज. त्यानंतर कितीतरी दिवस सिग्रिद रोज सकाळी बुटात एक वाटाणा टाकून शाळेत जायची. टोचला की बरे वाटायचे. हे तिने कुणाला सांगितले नाही. बावीस वर्षांची होईपर्यंत ती असे काही ना काही करत राहिली, मग तिची आणि मोठ्या भावाची रक्ततपासणी एकाच दिवशी, याच इमारतीत झाली. दोघांना वेगवेगळे आत बोलावले. ती आधी बाहेर आली. हेन्निंग नंतर आला, दाराशी टोपी फिरवत उभा राहिला आणि म्हणाला, "तुझं काय?" ती म्हणाली, "नाही." तो म्हणाला, "मस्त. चल, हॅम्बर्गर खाऊ." त्याने दोन खाल्ले. तिच्या ताटातले बटाटेही खाल्ले. त्याचे काय ते तिने विचारलेच नाही आणि त्यानेही सांगितले नाही. दोघांनाही ते समोरासमोर बसूनच कळले. त्या दिवसानंतर तिच्या बुटात कधी काही नव्हते, आणि तरी प्रत्येक पावलाला काहीतरी टोचत असे, जे तिचे नव्हते.

हेन्निंग खुर्चीत पाय पसरून बसला होता. छत्तीस वर्षांचा, जंगलात झाडे कापायचे यंत्र चालवणारा, खुर्चीत मावत नसलेला माणूस. डाव्या हातात सुई होती, वरून थेंब पडत होते. बूट दाराशी काढलेले. मोजेही काढून त्याने एका लांब दांडीच्या आरशात तळवे पाहायला घेतले होते, हे तो सकाळ-संध्याकाळ करायचा.

"या, शास्त्रज्ञ," तो म्हणाला. "उजवा स्वच्छ आहे. डाव्याला एक फोड आहे. कुठून आला विचारू नकोस, त्यानं मला सांगितलेलं नाही."

"कॉर्टिझोन घेतलंस?"

"मूठभर. आता आज झोप नाही, उद्या झोप नाही. बोटीला रंग देतो. दर तीन आठवड्यांनी एक थर. ओर्यानला सांगितलं, पुढच्या वर्षापासून माझी बहीण मला कॉर्टिझोनशिवायचं औषध देणार आहे. तो म्हणतो, मग गावातल्या बोटींना रंग कोण देणार?"

ती हसली. हे ओर्यानला सांगितले म्हणजे बंदरावरच्या सगळ्यांना सांगितले. चूक तिची होती. नाताळात, बटाट्याचे पाल्त, मांस भरलेले गोळे, खाऊन सगळे जड होऊन पडले असताना, तीच म्हणाली होती की एकतीस शरीराला चिडवत नाही, त्याला आधी कॉर्टिझोन लागणार नाही. लागणार नाही, असे म्हणाली होती. लागू नये असे वाटते, असे म्हणायला हवे होते. हेन्निंगला त्या गोळ्यांनी दोन दिवस हात थरथरतात, तो उगाच मुलांवर ओरडतो आणि मग गॅरेजमध्ये जाऊन बसतो, हे वहिनीने तिला फोनवर सांगितले होते. तो स्वतः एवढेच म्हणायचा की रंग चांगला बसतोय.

"तुला पहिल्यांदा जेव्हा त्रास झाला," तिने विचारले, "तो कितव्या वेळी?"

"तिसऱ्या. पहिले दोन मक्खन. तिसऱ्याला पाठ धरली. कुणीतरी छातीवर बसल्यासारखं. नर्सनं विचारलं, एक ते दहामध्ये किती. मी म्हटलं दोन."

"आणि खरं किती होतं?"

"आता काय करायचंय त्याचं?"

"सांग ना."

तो नळीतल्या थेंबांकडे बघत राहिला. "आठ. नऊ असेल. चांगली बाई होती गं ती. तिची ड्यूटी संपत आली होती, अंगात कोट घातलेला होता. नऊ म्हटलं असतं तर बिचारी अडकली असती."

"म्हणजे तुझ्या कागदावर दोन आहे."

"दोनच आहे. अजून असेल."

सिग्रिदने आरसा त्याच्या मांडीवरून उचलून बाजूच्या टेबलावर ठेवला. काचेत खिडकी आली, मग छत. ती ज्या कागदांवरून शिकली होती, ज्यांतून तिने आधीच्या औषधाचे दोष काढले आणि स्वतःच्या औषधाचे माप ठरवले, त्या कागदांवर असे किती दोन असतील याचा ती विचार करू लागली. वर उत्तरेत राहणारी माणसे. शब्द जपून वापरणारी. ती श्वास आत ओढतात आणि त्याचा अर्थ काढायचे काम समोरच्याचे असते. पण समोरचा दक्षिणेतला असेल, नाहीतर घाईत असेल, नाहीतर नऊ ऐकायची त्याची इच्छा नसेल. तिला एकतीसच्या पिंजऱ्यातल्या चौघी दिसल्या, त्यांचे उघडे डोळे. त्यांना कुणी एक ते दहा विचारले नव्हते. त्यांच्याजवळ एक कापूस होता, तेवढ्याने त्यांनी सांगितले.

"हेन्निंग, एकतीसच्या उंदरांनी घरटी बांधली नाहीत."

"आळशी असतील."

"दुसऱ्या मात्रेनंतर. पहिलीनंतर बांधली होती."

"किती जणी?"

"सोळा."

"सोळाही?"

"सोळाही."

"मग आळशी नाहीत," तो म्हणाला. त्याने पायाची बोटे हलवली आणि ती हलतात का ते डोळ्यांनी पाहिले. "मग आता?"

"उद्या सकाळी राखीवातल्या चौघींना दुसरी मात्रा देऊन दोन तासांनी रक्त घेता येईल. इंटरल्युकिन नावाचं एक प्रथिन असतं, शरीर बिथरलं की रक्तात उसळतं. कॉर्टिझोन टाळायचं तर तो आकडा शंभराच्या आत हवा. तुझ्या या जुन्या औषधाचा अडीचशेच्या आसपास येतो, म्हणून तुला गोळ्या."

"आणि शंभराच्या आत नसला तर?"

"तर एकतीस संपलं."

"आणि तू रक्त घेतलंच नाहीस तर?"

पंपाने एक बारीक टिक केले, थेंबांचा वेग ठरल्याप्रमाणे वाढला. हेन्निंगने डोके मागे टेकवले. त्याच्या गळ्याशी कॉर्टिझोनचा लालसर पट्टा उमटायला लागला होता.

"मी कधी मागितलं नव्हतं तुझ्याकडे," तो म्हणाला, आवाज न चढवता. "तुला वाटतं मी हिशेब ठेवलाय. तुला मिळालं नाही, मला मिळालं. मला त्या दिवशी भूक लागली होती, म्हणून मी तुझे बटाटे खाल्ले. एवढंच होतं ते."

"ठाऊक आहे."

"नाही, तुला ठाऊक नाही. पण असू दे." त्याने मोकळ्या हाताने नाक चोळले. "आकडा आला की आधी मला सांग. तुझ्या त्या कंपनीच्या आधी. मी जागाच असणार आहे."

परत येताना तिने स्वेर्केरला तीन शब्दांचा निरोप पाठवला: संशय आला आहे. त्याचे उत्तर लगेच आले. शुक्रवार पुढे ढकलत नाही, तो म्हणाला, माणसे येऊ देत. आकडा जो असेल तो पहिल्या पानावर टाक.

गुरुवारी सकाळी आठला गुनवोरने राखीव पिंजरे टेबलावर घेतले. तीन पिंजरे, बारा माद्या. चौघींना मिठाचे पाणी, चौघींना जुने, चौघींना एकतीस, जसे तीन आठवड्यांपूर्वी तसेच. नळ्यांवर गुनवोरने नुसते एक ते बारा आकडे घातले आणि कुठला आकडा कुणाचा ते पाकिटात घालून स्वतःच्या खिशात ठेवले. सिग्रिदनेच तसे सांगितले होते. आपल्या डोळ्यांवर तिचा आज विश्वास नव्हता. गुनवोर एकेक उंदीर ओंजळीत घ्यायची, बोलत बोलत, हवामानाचे, नातवाच्या स्कीचे, आणि बोलता बोलता शेपटी सिग्रिदसमोर यायची. शेपटीची शीर कोमट दिव्याखाली फुगलेली. सुई आत गेल्यावर बोटाला एक अगदी हलका विरोध जाणवतो आणि मग जाणवत नाही. बारा वेळा.

"चौतीस वर्षांत," सिग्रिदने विचारले, "तू कधी कुणाला म्हणालीस का, की घरटी नाहीत?"

"सुरुवातीला म्हणायची. एकानं विचारलं, गुनवोर, तुझी पदवी कुठली?" तिने पुढचा पिंजरा ओढला. "तो आता प्राध्यापक आहे. उंदीर त्याचे अजून मरतात."

"काल मला का सांगितलंस मग?"

"तू विचारलंस. दारात उभी राहून म्हणालीस, कशा आहेत बाया. बाकीचे विचारतात, किती आहेत."

हे आपण विचारले होते हे सिग्रिदला आठवत नव्हते. आठवत असते तर बरे वाटले असते का, हेही तिला सांगता आले नसते.

दोन तास. उपाहारगृहात दर गुरुवारचे वाटाण्याचे सूप सकाळीच तयार झाले होते, त्यानंतर पॅनकेक होणार होते. तिने सूप घेतले, मोहरी बाजूला घेतली, आणि बसून राहिली. सूपवर पातळ साय आली. तिला आश्चर्य वाटत होते की मनात भीती नव्हती. भीतीच्या जागी एक जुनी, ओळखीची एकाग्रता होती, लहानपणी शाळेच्या वाटेवर बुटातल्या वाटाण्याकडे लक्ष लावून चालायची तशी. एकतीसचे रेणू तिने स्वतःच्या हातांनी बनवले होते, त्याच्या तेलाला किंचित गवतासारखा वास यायचा. काचेच्या त्या केसाएवढ्या नळीत एका बाजूने आंबट पाणी आणि दुसऱ्या बाजूने स्पिरिटात विरघळलेली चरबी सोडली की दोन्ही जिथे भेटतात तिथे दुधाळ निळसर झाक येते. ती झाक ती शंभरदा बघून कंटाळली नव्हती. त्या क्षणी कोट्यवधी थेंब बनत असतात, सगळे एका मापाचे, आणि प्रत्येकाच्या आत एक निरोप बंद असतो. ते सुंदर होते. सुंदर असणे हा कुठल्याही तक्त्यातला रकाना नव्हता, पण तिने तो मनात कुठेतरी भरून ठेवला होता आणि त्यावर चार वर्षे गुण देत आली होती. लेपाची अठरा कड्यांची मुळे तिला सोडवत नव्हती. चौदावर यायला तिला दोन वर्षांपूर्वीही येता आले असते. कडेच्या त्या ओळीपुढे दुसरी ओळ लिहायची एवढेच होते.

साडेदहाला त्यांनी रक्त घेतले, प्रत्येकीचे दोन थेंब. एकतीसच्या कुठल्या हे कागदावर कळणार नव्हते, पण ओंजळीत कळत होते. चौघी गुनवोरच्या तळहातात नुसत्या पडून राहिल्या, एकीनेही चावायचा प्रयत्न केला नाही. गुनवोर त्या वेळी काही बोलत नव्हती. मग रक्त फिरवणे, वरचा पिवळट द्रव काढणे, शहाण्णव खळगे असलेल्या प्लास्टिकच्या पाटीत तो थेंबाथेंबाने भरणे, धुणे, थांबणे, पुन्हा धुणे. तीन वाजून गेले. शेवटचे द्रावण टाकले की ज्या खळग्यात ते प्रथिन असेल तो निळा होऊ लागतो आणि जितके जास्त तितका गडद. सरावलेल्या डोळ्याला यंत्राच्या आधी कळते. सिग्रिदने पाटीवर चांदीचा कागद झाकला, घड्याळ लावले आणि पाठ करून उभी राहिली. पंधरा मिनिटांनी तिने न बघता रंग थांबवणारे आम्ल टाकायचा प्रयत्न केला, ते शक्य नव्हते, तेव्हा फक्त पिपेटच्या टोकाकडे बघत टाकले. निळ्याचे पिवळे झाले. पाटी यंत्रात सरकली.

तिने हेन्निंगला फोन लावला. पहिल्या घंटेला त्याने उचलला. मागे पॉलिशपेपर लाकडावर घासल्याचा आवाज होता, तो थांबला.

"बोल."

"यंत्र वाचतंय."

"मी बोटीवर बसलोय. दुसरा थर वाळायचाय." मग जरा थांबून, "जेवलीस का?"

"सूप घेतलं होतं."

"घेतलं होतं म्हणजे खाल्लं नाहीस."

गुनवोर दारात आली, अंगात बाहेरचा कोट होता, घरी जायची वेळ तासापूर्वी झालेली. तिने खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवले आणि गेली नाही. यंत्राने पाटी बाहेर ढकलली. पडद्यावर बारा आकडे आले. सिग्रिदने पाकीट फोडले, आकड्यांपुढे नावे लिहिली, चार-चारांची सरासरी काढली, आणि एकदा पुन्हा काढली.

"हेन्निंग."

"वाच. सगळे वाच."

"दर मिलिलिटरला पिकोग्रॅम," ती म्हणाली. "दुसऱ्या मात्रेनंतर दोन तास. मिठाचं पाणी, चौदा. जुनं औषध, दोनशे अठ्ठावन्न. एकतीस, एक हजार नऊशे चाळीस."